अर्ज, आठवण आणि भूमी : ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या इतिहासातील पुराव्याचा प्रश्न

१

इ. स. १८८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील मरी नदीच्या काठी, मलोगा येथील मिशनवर राहणाऱ्या ४२ मूळ रहिवाशांनी न्यू साऊथ वेल्स वसाहतीच्या गव्हर्नरकडे एक अर्ज केला. आमच्या टोळीच्या सीमेतील सारी जमीन सरकारने आणि गोऱ्या वसाहतकऱ्यांनी ताब्यात घेतली आहे, शिकारीची राने मेंढ्यांच्या चराईखाली गेली आहेत, उपजीविकेचे साधन उरलेले नाही. आम्हांला स्थिर, उद्योगी जीवन जगण्याची इच्छा आहे, तेव्हा शेती करण्यासाठी व गुरे पाळण्यासाठी जमीन मिळावी, असा त्या अर्जाचा आशय होता. पुढे ११७ वर्षांनी, १८ डिसेंबर १९९८ रोजी, हाच अर्ज एका न्यायनिर्णयात पुन्हा वाचला गेला. अर्जदारांच्या वंशजांनी, म्हणजे योर्टा योर्टा लोकसमूहाने, त्याच प्रदेशावरील पारंपरिक हक्कासाठी १९९४ मध्ये दावा दाखल केला होता. संघीय न्यायालयाचे न्यायाधीश हॉवर्ड ओल्नी यांनी तो फेटाळला. फेटाळताना त्यांनी ज्या कागदांचा आधार घेतला त्यांत १८८१ चा हा अर्ज होता. ज्या अर्थी पूर्वजांनी जमीन गेल्याचे स्वतःच लिहून दिले आणि शेतीची इच्छा प्रकट केली, त्या अर्थी त्या काळापर्यंत त्यांचा भूमीवरील ताबा संपला होता व पारंपरिक कायदे आणि चालीरीती पाळणे त्यांनी सोडून दिले होते, असा निष्कर्ष त्यातून काढला गेला.

भूमी परत मिळावी म्हणून लिहिलेली संहिता भूमी गमावल्याची कबुली म्हणून वाचली जाते, ही घटना केवळ विधिशास्त्राच्या अभ्यासकांची नाही. संहितेचा हेतू आणि तिचे वाचन, लेखकाचा अधिकार, मौखिक आणि लिखित यांची श्रेणी, 'अस्सलता' नावाचा निकष हे सारे प्रश्न तिच्यात गुंतलेले आहेत, आणि ते साहित्यसमीक्षेचे नित्याचे प्रश्न आहेत. वसाहतवादाने ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांना एका पेचात अडकवले. लिहिले नाही तर पुरावा नाही. लिहिले तर लिहिणारा 'मूळ' उरला नाही. या पेचाचा इतिहास मांडणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभी संज्ञेविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. 'ॲबोरिजिनल' या शब्दासाठी मराठीत 'आदिवासी' हा शब्द सहज वापरला जातो. परंतु आपल्याकडे त्या शब्दामागे अनुसूचित जमातींची घटनात्मक व्यवस्था आणि जंगल, महसूल व सावकारी यांचा वेगळा इतिहास उभा आहे. शिवाय ऑस्ट्रेलियात एक नव्हे, तर वसाहतपूर्व काळात सुमारे अडीचशे भाषा बोलणारे शेकडो लोकसमूह होते, आणि टोरेस सामुद्रधुनीतील द्वीपवासी स्वतःला त्यांच्याहून वेगळे मानतात. म्हणून येथे सर्वसाधारणपणे 'मूळ रहिवासी' असा शब्दप्रयोग केला असून शक्य तेथे त्या त्या लोकसमूहाचे नाव दिले आहे.

२

परक्या भूमीवर सत्ता तीन मार्गांनी प्रस्थापित होते, असे ब्रिटिश विधिविचार मानत असे : युद्धात जिंकून, तहाने मिळवून अथवा निर्जन प्रदेशात वसाहत करून. पहिल्या दोन मार्गांत स्थानिकांचे कायदे, ते रद्द होईपर्यंत, अस्तित्वात असल्याचे मानावे लागे. तिसऱ्यात इंग्लंडचा कायदा वसाहतकऱ्यांबरोबर जहाजातून उतरत असे. हिंदुस्थानात इंग्रजांनी पहिल्या दोन मार्गांचा अवलंब केला. वसईच्या तहाचा (१८०२) कागद मराठी वाचकाला परिचित आहे. तो तह पेशवाईच्या दृष्टीने कितीही घातक ठरला असला, तरी समोर तह करण्याजोगी सत्ता आहे, हे त्यात गृहीत होते. न्यूझीलंडमध्ये १८४० साली माओरी प्रमुखांशी वैतांगीचा करार झाला. ऑस्ट्रेलियात मात्र ब्रिटिश सरकारने असा एकही तह केला नाही. वस्तुतः १७६८ मध्ये जेम्स कुकला दिलेल्या गुप्त सूचनांत रहिवाशांच्या संमतीने जमीन ताब्यात घ्यावी असे म्हटले होते. प्रदेश निर्जन असल्यास संमतीचा प्रश्न उद्भवत नव्हता. २२ ऑगस्ट १७७० रोजी कुकने पूर्व किनाऱ्यावर राजाचा हक्क घोषित केला, तेव्हा संमती घेतली गेली नव्हती. आणि किनाऱ्यावरील माणसे व त्यांचा धूर तर त्याने प्रवासभर पाहिला होता. २६ जानेवारी १७८८ रोजी आर्थर फिलिपच्या नेतृत्वाखाली कैद्यांची वसाहत सिडनी येथे उभी राहिली. पुढल्याच वर्षी देवीच्या साथीने त्या परिसरातील असंख्य मूळ रहिवासी मृत्युमुखी पडले.

'टेरा न्युलियस', म्हणजे कोणाचीही नसलेली भूमी, हे या व्यवहाराला पुढे चिकटलेले लॅटिन नाव होय. १७८८ साली ते कोणी उच्चारलेही नसेल. पण व्यवहार त्याच अर्थाचा होता. याचा उत्तम दाखला १८३५ सालचा आहे. जॉन बॅटमन या धाडसी व्यापारी-वसाहतकऱ्याने पोर्ट फिलिप परिसरात, आजच्या मेलबर्नजवळ, कुलिन लोकांच्या प्रमुखांशी एक करार केला. ब्लँकेटे, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, पीठ यांच्या आणि अशाच वस्तूंच्या वार्षिक खंडाच्या मोबदल्यात सुमारे सहा लाख एकर जमीन मिळाल्याचा त्याचा दावा होता. करार लबाडीचा होता, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. मात्र गव्हर्नर रिचर्ड बर्क याने त्याच वर्षी जाहीरनामा काढून तो रद्द ठरवला, तो लबाडीचा होता म्हणून नव्हे. ती जमीन ब्रिटिश राजाची आहे, म्हणून ती विकण्याचा वा देण्याचा अधिकार तेथील रहिवाशांना नाही, अशी त्यामागील भूमिका होती. १८८९ मध्ये 'कूपर विरुद्ध स्टुअर्ट' या प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने न्यू साऊथ वेल्सचा प्रदेश वसाहतीच्या वेळी जवळजवळ निर्जन होता असे विधान करून या भूमिकेवर शिक्कामोर्तब केले.

भूमीबरोबर साक्षही गेली. बायबलवर शपथ घेऊ न शकणाऱ्याची साक्ष न्यायालयात ग्राह्य नव्हती. आणि मूळ रहिवासी ख्रिस्ती नसल्याने ते शपथ घेण्यास अपात्र ठरत. १० जून १८३८ रोजी मायल क्रीक येथे किमान २८ विरायाराय स्त्री-पुरुष-मुलांची हत्या झाली. या प्रकरणी सात गोऱ्यांना फाशी झाली, ही त्या काळातील अपवादात्मक घटना होती. परंतु तेथेही खटला उभा राहिला तो गोऱ्यांच्या साक्षीवर. न्यू साऊथ वेल्समध्ये शपथेऐवजी प्रतिज्ञापूर्वक साक्ष देण्याची मुभा १८७६ मध्ये मिळाली, तोवर वसाहतीची सीमा बरीच पुढे सरकली होती. पुढे जेव्हा इतिहासकार हत्याकांडांचे 'कागदोपत्री पुरावे' मागू लागले, तेव्हा ज्यांनी ते पाहिले त्यांचे बोलणे कागदावर का आले नाही, याचे उत्तर कायद्याच्या इतिहासातच होते.

३

अशा स्थितीत मूळ रहिवाशांनी लेखनाचा मार्ग फार लवकर चोखाळला, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. इओरा लोकांतील बेनेलाँग इंग्लंडहून परतल्यावर १७९६ मध्ये त्याने सांगून लिहून घेतलेले पत्र हे मूळ रहिवाशाचे इंग्रजीतील पहिले ज्ञात लेखन मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे लेखन व्यक्तिगत न राहता सामूहिक झाले आणि त्याने 'अर्ज' हा प्रकार स्वीकारला. अर्ज हा प्रकार मुळातच विषम सत्तासंबंध गृहीत धरतो. त्यात मागणाऱ्याने नम्र असावे लागते, ज्याने हिरावले त्यालाच दाता म्हणावे लागते. आपल्याकडील मायबाप सरकारला केलेल्या अर्जांची भाषा ज्यांनी वाचली आहे, त्यांना या प्रकाराचे व्याकरण वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्या नम्रतेचा शब्दशः अर्थ घेणे हे वाचनाचे अज्ञान होय, अथवा तो एक डाव होय.

व्हिक्टोरियातील कोरँडर्क वसाहतीचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १८६३ मध्ये वुरुंजेरी व अन्य कुलिन लोकांनी सायमन वोंगा आणि विल्यम बराक यांच्या नेतृत्वाखाली येथे वस्ती केली, जंगल साफ केले, हॉप्सचे पीक यशस्वी केले. बॅटमनच्या कराराच्या वेळी आपण लहान मुलगा असताना तेथे हजर होतो, असे बराक सांगत असत. १८६९ च्या कायद्याने व्हिक्टोरियातील मूळ रहिवाशांनी कोठे राहावे, काय काम करावे, त्यांच्या मुलांचा ताबा कोणाकडे असावा हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडे आला होता. त्याच साम्राज्याने दोनच वर्षांनी, १८७१ मध्ये, हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. दोन्ही कायद्यांचे विषय भिन्न होते. परंतु एखादा समूह कोठे राहतो, कोठे जातो याची नोंद ठेवणे म्हणजेच त्याच्यावर राज्य करणे, ही प्रशासकीय दृष्टी एकच होती. कोरँडर्कची सुपीक जमीन विकून तेथील लोकांना हलवण्याचा घाट जेव्हा घातला गेला, तेव्हा बराक आणि त्यांचे सहकारी मेलबर्नपर्यंत पायी गेले, मंत्र्यांना भेटले, पत्रे लिहिली, अर्ज केले. १८८१ मध्ये चौकशी समिती नेमली गेली आणि वीसहून अधिक मूळ रहिवाशांनी तिच्यासमोर साक्ष दिली. पण हे अर्ज खरोखर त्यांनीच लिहिले का, कोणा गोऱ्या हितचिंतकाने लिहून दिले असावेत, हा संशय अधिकाऱ्यांच्या मनातून गेला नाही. अर्ज नीट लिहिलेला असेल तर तो त्यांचा नसणार! लेखकत्वावरील हा संशय पुढे वारंवार भेटतो. १८८६ च्या कायद्याने मिश्र वंशाच्या, ३५ वर्षांखालील धडधाकट लोकांना अशा वसाहतींबाहेर काढले गेले; नेमके लिहू-वाचू शकणारे तरुण त्यामुळे बाहेर पडले. १९२४ मध्ये कोरँडर्क बंद झाले.

योर्टा योर्टा समूहातील विल्यम कूपर यांनी १९३० च्या दशकात ब्रिटनच्या राजाला उद्देशून एक अर्ज तयार केला आणि त्यावर १,८१४ सह्या जमवल्या. संसदेत आपला प्रतिनिधी असावा, ही त्यातील एक मागणी होती. तो अर्ज राजाकडे न पाठवण्याचा निर्णय ऑस्ट्रेलियाच्या मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये घेतला. १९६३ मध्ये उत्तरेकडील यिरकला येथील योलंगू लोकांनी बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध संसदेला केलेला अर्ज मात्र रूपानेच वेगळा होता. झाडाच्या सालीवर, आपल्या कुळांच्या चित्राकृतींच्या चौकटीत, त्यांनी आपल्या भाषेतील आणि इंग्रजीतील मजकूर चिकटवला. त्या चित्राकृती शोभेसाठी नव्हत्या. विशिष्ट भूमीशी विशिष्ट कुळाचे नाते सांगणारे ते हक्कलेखच होते. म्हणजे संसदेच्या नियमांत बसणारा अर्ज आणि योलंगू कायद्यात बसणारा दस्तऐवज एकाच सालीवर शेजारी शेजारी आला. सह्या करणारे प्रातिनिधिक नाहीत, असा आक्षेप संबंधित मंत्र्यांनी घेतला. म्हणून दुसरा अर्ज सादर करावा लागला. चौकशी समितीने नुकसानभरपाईची शिफारस केली, पण खाण झालीच.

४

योलंगू लोकांचा प्रश्न पुढे न्यायालयात गेला. १९७१ च्या 'मिलिरपम विरुद्ध नबाल्को' या निकालात न्या. रिचर्ड ब्लॅकबर्न यांनी एक विलक्षण विधान केले. योलंगूंकडे सुसूत्र, सूक्ष्म कायदेव्यवस्था आहे हे त्यांनी मान्य केले. परंतु त्या व्यवस्थेतील भूमीशी असलेले नाते 'मालमत्ता' या संज्ञेत बसत नाही, म्हणून दावा फेटाळला. माणसे भूमीची होती, भूमी माणसांची होती असे सिद्ध झाले नाही, हा या युक्तिवादाचा अर्थ. एका संस्कृतीचे व्याकरण दुसरीच्या कोटिक्रमात बसले नाही, की दोष व्याकरणाचा ठरतो.

ही भूमिका ३ जून १९९२ रोजी मेबो निकालाने बदलली. टोरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाचे एडी कोइकी मेबो आणि अन्य फिर्यादींनी १९८२ मध्ये दाखल केलेल्या या दाव्यात हायकोर्टाने (ऑस्ट्रेलियात हेच सर्वोच्च न्यायालय होय) सहा विरुद्ध एक मतांनी मूळ रहिवाशांचा पारंपरिक भूमिहक्क मान्य केला. मेबो तो निकाल ऐकायला हयात नव्हते; जानेवारी १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले होते. मेर बेटावरील भूव्यवस्था मालो या पूज्य शक्तीच्या आज्ञांवर उभी होती. दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकू नये, ही त्यांतील मुख्य आज्ञा पिढ्यानपिढ्या मुखाने चालत आली होती. 'आजोबांनी मला हे सांगितले' या वाक्याला न्यायालयात ऐकीव माहिती म्हणतात, आणि ऐकीव माहितीवर क्वीन्सलँड सरकारने सतत हरकती घेतल्या. मात्र ज्या समाजात सांगणे हेच नोंदणीचे एकमेव रूप आहे, तेथे 'ऐकीव' हा शब्द पुराव्याची प्रत सांगत नाही. केवळ त्याचे माध्यम सांगतो. या निकालाने हे अंशतः का होईना स्वीकारले. अंशतः म्हणण्याचे कारण असे की, मेरचे लोक बागाईत करणारे, ठरलेल्या सीमांच्या वाफ्यांत राहणारे होते. त्यांची भूव्यवस्था युरोपीय मालमत्तेच्या कल्पनेला जवळची होती. शिवाय खुद्द एडी मेबो यांच्या वैयक्तिक वारसाविषयीची साक्ष वस्तुस्थितीचा निर्णय करणाऱ्या न्यायाधीशांनी ग्राह्य धरली नव्हती.

मेबो निकालात न्या. जेरार्ड ब्रेनन यांनी एक रूपक वापरले होते. इतिहासाच्या भरतीने जेथे पारंपरिक कायद्याचे पालन वाहून नेले आहे, तेथे हक्काचा पाया नाहीसा होतो, अशा आशयाचे ते विधान होते. योर्टा योर्टा प्रकरणात न्या. ओल्नी यांनी याच रूपकावर आपला निष्कर्ष उभा केला. रूपक कोणते काम करते ते येथे पाहण्यासारखे आहे. भरतीला कर्ता नसतो. ती येते आणि जाते. तिला हेतू नाही, जबाबदारी नाही. मरीच्या काठी मात्र कर्ते होते : जमीन घेणारे मेंढपाळ, परवाने देणारे गव्हर्नर, भाषा बंद करणारे मिशनरी, मुले उचलून नेणारे अधिकारी. कर्तृवाचक वाक्य निसर्गदृश्यात बदलले, की विस्थापनाचा दोष विस्थापितांच्या विस्मरणावर जातो.

या प्रकरणात शंभराहून अधिक दिवस सुनावणी झाली, शेकडो लोकांनी साक्षी दिल्या. तरीही पारंपरिक कायदे आणि रूढी यांविषयी सर्वांत विश्वसनीय म्हणून न्यायाधीशांनी एडवर्ड कर याचे लेखन निवडले. कर हा १८४० च्या दशकात याच प्रदेशात मेंढ्यांची कुरणे धरून बसलेला वसाहतकरी. त्याचे पुस्तक १८८३ मध्ये, म्हणजे तो प्रदेश सोडल्याला तीस वर्षे उलटल्यावर प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या शीर्षकातच ते 'आठवणी' असल्याचे म्हटले आहे. म्हणजे निवड लिखित पुरावा आणि मौखिक आठवण यांमधील नव्हतीच. दोन आठवणींमधील होती. त्यांतली एक छापलेली होती आणि तिचा लेखक जमीन घेणाऱ्यांपैकी होता. गरजेपुरतेच मासे व शिकार घ्यावी, हा आमचा पूर्वापार नियम आहे, असे योर्टा योर्टा साक्षीदार सांगत होते. करने तसे लिहिलेले नाही, सबब तो नियम पारंपरिक नाही, असा निर्णय झाला. १२ डिसेंबर २००२ रोजी हायकोर्टाने पाच विरुद्ध दोन मतांनी अपील फेटाळले. परंपरा अखंड असली पाहिजे, ही अट त्यात अधिकच घट्ट झाली. पुढे २०१० मध्ये बार्मा राष्ट्रीय उद्यानाच्या व्यवस्थापनात योर्टा योर्टांना स्थान देणारा करार राज्य सरकारने केला. परंतु तो शासनाने दिलेला वाटा होता, न्यायालयाने मान्य केलेला हक्क नव्हे.

मुलांच्या प्रश्नातही हेच घडले. साधारणतः १९१० ते १९७० या काळात मूळ रहिवाशांची, विशेषतः मिश्र वंशाची, मुले आईबापांपासून तोडून संस्थांत वा गोऱ्या कुटुंबांत ठेवली गेली. दहांतून एक ते तिनांतून एक मूल असे प्रमाण १९९७ च्या 'ब्रिंगिंग देम होम' या अहवालात नोंदवले आहे. तो अहवाल मुख्यतः शेकडो लोकांच्या कथनांवर उभा आहे. मात्र २००० मध्ये क्युबिलो खटल्यात दोन फिर्यादींना नुकसानभरपाई नाकारताना, त्यांतील एकाच्या आईच्या अंगठ्याचा ठसा असलेला एक अर्ज संमतीचा पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यात आला. मजकूर इंग्रजीत, आईला लिहिता-वाचता येत नाही, आणि कागद अधिकाऱ्याचा. सावकाराच्या वहीतील अंगठ्यांनी किती शेते गेली हे ज्या समाजाला माहीत आहे, त्याला या ठशाचा अर्थ लावणे अवघड जाऊ नये.

५

इतिहासलेखनाने यात काय केले? मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी १९६८ च्या बॉयर व्याख्यानांत, देशाच्या इतिहासग्रंथांतून मूळ रहिवासी गाळले जाणे हे अनवधान नसून एका बाजूची खिडकीच न ठेवलेल्या घराच्या रचनेसारखे आहे, अशा अर्थाचे विवेचन केले. हेन्री रेनॉल्ड्स यांच्या १९८१ मधील 'द अदर साइड ऑफ द फ्राँटियर' या ग्रंथाने ही खिडकी उघडली. त्यावरची प्रतिक्रिया २००२ मध्ये कीथ विंडशटल यांच्या टास्मानियाविषयक ग्रंथातून आली : हत्यांचे आकडे तळटिपांत सिद्ध होत नाहीत, म्हणून ते रचलेले आहेत. तळटिपांची तपासणी हा इतिहासकाराचा धर्मच आहे. प्रश्न एवढाच की, ज्यांची साक्ष कायद्याने नाकारली त्यांचे मौन घटना न घडल्याचा पुरावा कसे ठरते? न्यूकॅसल विद्यापीठात लिंडल रायन आणि सहकाऱ्यांनी २०१७ पासून प्रसिद्ध केलेल्या नकाशात, सहा वा अधिक माणसे मारली गेली अशा चारशेहून अधिक घटना वृत्तपत्रे, रोजनिशा, सरकारी पत्रव्यवहार आणि मौखिक परंपरा एकमेकांशी पडताळून नोंदवल्या आहेत. कागद होते, ते एकत्र वाचले गेले नव्हते.

साहित्याच्या क्षेत्रात लेखकत्वाचा प्रश्न अधिक उघडपणे पुढे येतो. नरिंजेरी समूहातील डेव्हिड युनायपॉन यांनी १९२० च्या दशकात आपल्या लोकांच्या कथा परिश्रमपूर्वक लिहिल्या. त्या १९३० मध्ये लंडनला विल्यम रॅम्से स्मिथ या डॉक्टराच्या नावावर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. युनायपॉन यांच्या लेखनाचे श्रेय त्यात दिलेले नव्हते. १९९५ मध्ये युनायपॉन यांचे चित्र ५० डॉलरच्या नोटेवर आले, आणि २००१ मध्ये त्यांच्या हस्तलिखितावरून ग्रंथ त्यांच्या नावाने निघाला. नोटेवर चेहरा आधी आला, मुखपृष्ठावर नाव नंतर! ऊजरू नूनकल (तेव्हाच्या कॅथ वॉकर) यांचा 'वुई आर गोइंग' (१९६४) हा मूळ रहिवासी कवीचा पहिला काव्यसंग्रह खूप खपला. पण अनेक समीक्षकांनी त्याला कविता न म्हणता प्रचार म्हटले, आणि इंग्रजी छंदांचा वापर हा अस्सलतेचा अभाव मानला. न्या. ओल्नी यांचा निकष येथे तीन दशके आधी, सौंदर्यशास्त्राच्या भाषेत, उपस्थित आहे : आमच्या रूपात बोललात, म्हणून तुम्ही तुमचे नाही.

सॅली मॉर्गन यांचे 'माय प्लेस' (१९८७) हे आत्मकथन आजीच्या भावाची, आईची आणि आजीची कथने आपल्यात सामावून घेते. आजी मात्र काही गोष्टी सांगायला शेवटपर्यंत नकार देते. सांगण्याचा हक्क जितका महत्त्वाचा तितकाच न सांगण्याचाही, हे या आत्मकथनाने दाखवले. नूनगार कादंबरीकार किम स्कॉट यांनी 'बेनँग' (१९९९) मध्ये वेगळी वाट धरली. पश्चिम ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचे मुख्य 'संरक्षक' ए. ओ. नेव्हिल यांच्या लेखनातील आणि सरकारी दप्तरातील भाषा त्यांनी कादंबरीत आणली व वंश 'गोरा' करत नेण्याच्या त्या शास्त्राला त्याच्याच शब्दांत उघडे पाडले. मॉर्गन साक्ष नोंदवतात, स्कॉट दप्तर उलटे वाचतात. पेच ओळखण्याच्या या दोन रीती होत.

मराठी अभ्यासकाला येथे आपल्याकडील आत्मकथनांची आठवण होणे साहजिक आहे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि, 'माय प्लेस'च्याच वर्षी आलेले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) यांनी पोलिसी नोंदींच्या भाषेतून सुटलेले आयुष्य मराठीत आणले. इतिहास भिन्न आहेत. साम्य आहे ते स्वागतात. अनुभव अस्सल आहे, पण कलाकृती म्हणून काय, असे विचारायचे, आणि रूप कसदार असेल तर अनुभव किती अस्सल उरला अशी शंका घ्यायची, ही दुहेरी कात्री आपल्या समीक्षेतही चालवली गेली आहे. अस्सलता हा निकष वाङ्मयीन दिसतो. पण त्यात 'तुम्ही बदलू नये' अशी अट दडलेली असते, आणि ती अट फक्त काही समूहांनाच लागू केली जाते. इंग्रज बदलला तर त्याला इतिहास म्हणतात. योर्टा योर्टा बदलला तर त्याला लोप म्हणतात.

६

अलीकडच्या घटना या प्रश्नाचा निकाल लागला असे सांगत नाहीत. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत हिरावलेल्या पिढ्यांची क्षमा मागितली. २०१७ च्या उलुरू निवेदनाने घटनेत मूळ रहिवाशांच्या सल्लामंडळाची मागणी केली. विल्यम कूपर यांच्या अर्जातील प्रतिनिधित्वाच्या मागणीशी तिचे नाते स्पष्ट आहे. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के मतदारांनी आणि सर्व सहा राज्यांनी ती नाकारली. दुसरीकडे, व्हिक्टोरियात २०२१ मध्ये नेमलेल्या यूरूक न्याय आयोगाने चार वर्षे साक्षी ऐकून वसाहतीच्या इतिहासाची अधिकृत नोंद केली, आणि २०२५ मध्ये त्या राज्याच्या विधिमंडळाने मूळ रहिवाशांशी करार करण्याचा कायदा संमत केला. बॅटमनचा करार ज्या भूमीवर रद्द झाला, तेथेच १९० वर्षांनी हे घडले. कोरँडर्कच्या १८८१ च्या चौकशीतील साक्षी दरम्यान, २०१० नंतर, शब्दशः नाट्यरूपात रंगमंचावर आल्या आहेत. सरकारी इतिवृत्त म्हणून लिहिलेली संहिता तिच्या बोलणाऱ्यांकडे परत गेली.

ऐकीव ठरवलेल्या शब्दाला पुराव्याचा दर्जा देता येतो, याचे एक उदाहरण आपल्या कायद्यातही आहे. वनहक्क कायद्याच्या (२००६) नियमांत, दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन ग्राह्य पुरावा मानले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो याच कायद्याखाली. नियम असणे आणि तो प्रत्यक्ष राबवला जाणे यांतील अंतर मोठे आहे. तरीही त्या नियमामागील तत्त्वाचे मोल कमी होत नाही : म्हाताऱ्याची आठवण हाही दस्तऐवज असू शकतो.

१८८१ च्या अर्जाकडे परत पाहिले, तर त्यात दोन विधाने एकत्र नांदताना दिसतात. जमीन घेतली गेली आहे, हे एक. ती 'आमच्या टोळीच्या सीमेतील' आहे, हे दुसरे. न्यायालयाने पहिले वाचले. दुसऱ्यातील सीमा, 'आमच्या' हे सर्वनाम आणि अर्ज करण्यामागचा हक्क न्यायालयाला दिसला नाही. संहितेतील सर्वनाम वाचणे हे समीक्षकाचे साधेसे काम आहे. ते न्यायनिर्णयाच्या बाबतीतही करावे लागते, आणि ज्या इतिहासात एका सर्वनामावर एका लोकसमूहाची भूमी अवलंबून असते, तेथे ते करण्याचे टाळणे हाही एक निर्णयच ठरतो.